‘शॅल’ आणि ‘मे’ : इंग्रजी दस्तऐवज वाचणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे पंचावन्नावे कलम ज्याने एकदा तरी मुळातून वाचले असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. घर भाड्याने अथवा लिव्ह अँड लायसेन्स पद्धतीने देण्याचा करार लेखी असला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, हे सांगताना इंग्रजी पाठात ठिकठिकाणी ‘शॅल’ हे साहाय्यक क्रियापद आले आहे; आणि या नियमाचा भंग करणाऱ्या घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगणाऱ्या पुढच्या पोटकलमात ‘शॅल’च्या शेजारी ‘मे’ येऊन बसले आहे. दोष शाबीत झाल्यावर शिक्षा द्यावयाची की नाही, हा प्रश्न ‘शॅल’ने न्यायाधीशाच्या हाती ठेवलेला नाही, कारावास द्यावयाचा झाल्यास तो किती दिवसांचा, हे मात्र तीन महिन्यांच्या आत ‘मे’ने त्याच्या विवेकावर सोपविले आहे. कर्तव्याची हद्द कोठे संपते आणि स्वेच्छाधिकाराची कोठे सुरू होते, हे या एका वाक्यात दोन छोट्या क्रियापदांनी आखून दिले आहे.

ही दोन क्रियापदे नीट वाचता येणे ही केवळ वकिलांच्या उपयोगाची विद्या आहे, असे कोणी समजू नये. बँकेचे कर्जखत, विम्याचे पत्रक, बांधकाम व्यावसायिकाशी होणारा सदनिकेचा करार, नोकरीचे नेमणूकपत्र, हे सारे आजही मराठी माणसाच्या हाती बहुधा इंग्रजीतच पडते. आणि संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेच्या अधिनियमांचा प्राधिकृत पाठ इंग्रजीच असल्यामुळे, मराठी भाषांतर समोर असले तरी वादाच्या वेळी बोट इंग्रजी शब्दावर ठेवावे लागते. अशा वेळी ‘शॅल’ म्हणजे भविष्यकाळ आणि ‘मे’ म्हणजे ‘कदाचित’, या शाळेत मिळालेल्या शिदोरीवर जो वाचतो, त्याला आपले कर्तव्य हे भाकीत वाटते आणि दुसऱ्याचा अधिकार ही निव्वळ शक्यता वाटते. ज्या कलमाने आपल्याला बांधले आहे ते त्याला निरुपद्रवी दिसते आणि ज्या कलमाने समोरच्या पक्षाला मोकळे सोडले आहे ते त्याला दिलासा देते. नुकसान नेमके येथेच होते.

दोन्ही शब्दांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण आजचा अर्थ त्यातूनच उलगडतो. प्राचीन इंग्रजीत ‘शॅल’च्या मूळ रूपाचा अर्थ ‘देणे लागणे, ऋणी असणे’ असा होता. ‘मे’च्या मूळ रूपाचा अर्थ ‘सामर्थ्य असणे’ असा होता. ऋणाच्या कल्पनेतून कर्तव्य आले, सामर्थ्याच्या कल्पनेतून मुभा आली आणि पुढे शक्यताही आली. जॉन वॉलिस या पंडिताने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात असा भेद सांगितला, की प्रथमपुरुषी ‘शॅल’ने केवळ भविष्य कळते, परंतु द्वितीय व तृतीय पुरुषी तेच ‘शॅल’ वचन किंवा धाक व्यक्त करते. आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेलेला नियम तो हाच. बोलण्यातून ‘शॅल’ आता जवळजवळ हद्दपार झाले आहे. पण कायदा नेहमी तृतीय पुरुषी बोलतो, ‘अर्जदाराने’, ‘अधिकाऱ्याने’, ‘शासनाने’ असे बोलतो, आणि म्हणून त्या जुन्या नियमातील बंधनाचा अर्थ कायद्याच्या भाषेत शिल्लक राहिला, किंबहुना तेथेच तो रुजला.

तथापि प्रत्येक ‘शॅल’ आज्ञा करते, असे मानून चालणाऱ्याचीही फसगत होते. संविधानाच्या ५२ व्या अनुच्छेदात भारताचा एक राष्ट्रपती असेल, असे सांगताना ‘शॅल’च वापरले आहे, तेथे कोणा एका इसमास हुकूम केलेला नसून एक पद निर्माण केल्याची घोषणा आहे. ‘शॅल बी डीम्ड’ हा शब्दप्रयोग आला, की कायदा एखादी गोष्ट प्रत्यक्षात घडली नसताही घडली असे मानावयास सांगत असतो, आणि मराठी अधिनियमांत त्यासाठी ‘मानण्यात येईल’ ही चांगली, निःसंदिग्ध रचना रूढ झाली आहे. सर्वांत चकवा देणारा प्रयोग ‘इट शॅल बी लॉफुल’ हा होय. त्यात ‘शॅल’ असूनही अर्थ ‘मे’चा आहे : अमुक करणे कायदेशीर ठरेल, म्हणजे ते करण्यास मोकळीक राहील. ‘मे’च्या बाजूलाही असे फसवे प्रयोग आहेत. ‘अ‍ॅज द केस मे बी’ याचा परवानगीशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ ‘यथास्थिति’ एवढाच; आणि ‘अ‍ॅज मे बी प्रिस्क्राइब्ड’ म्हणजे नियमांनी पुढे जे ठरवून देण्यात येईल त्याप्रमाणे. वाचकाने हे साचे प्रथम बाजूला काढावेत. त्यानंतर जे ‘शॅल’ आणि जे ‘मे’ उरतात, त्यांच्याविषयीच खरा विचार करावयाचा असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आज्ञा करणारे ‘शॅल’ सुद्धा मोडले गेल्यास काय होते, याचे उत्तर त्या शब्दात नसते. ते आजूबाजूच्या तरतुदींत असते. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या प्रसंगी लागू केले आहे, की त्यातील दोनतीन निवाडे सामान्य वाचकानेही माहीत करून घ्यावेत. संविधानाच्या ३२० व्या अनुच्छेदात सरकारी नोकराच्या शिस्तभंगाच्या प्रकरणी लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्यात येईल असे सांगितले आहे, आणि तेथे क्रियापद ‘शॅल’ आहे. मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात असा सल्ला नीट घेतला गेला नव्हता. तरीही १९५७ साली न्यायालयाने त्यांच्यावरील कारवाई त्या कारणाने रद्दबातल होत नाही असे ठरविले, कारण कोणत्या बाबतींत सल्ल्याची जरुरी नाही हे ठरविण्याची मोकळीक त्याच अनुच्छेदाने दिली होती, सल्ला न घेतल्यास काय व्हावे हे कोठेच सांगितले नव्हते, आणि त्या तरतुदीने नोकराला स्वतःचा असा हक्क बहाल केलेला नव्हता.

रामपूरच्या नगरपालिकेचे प्रकरण याहून उद्‌बोधक आहे, आणि भाषेच्या अभ्यासकास तर ते विशेष रुचावे. नवा कर बसविण्यापूर्वी त्याचे प्रस्ताव जाहीर करावेत आणि ती प्रसिद्धी हिंदीतून निघणाऱ्या स्थानिक वृत्तपत्रात व्हावी, अशी तेथील कायद्याची तरतूद होती. नगरपालिकेने प्रस्ताव हिंदीतच लिहिले, पण ते छापले एका उर्दू वृत्तपत्रात. रझा बुलंद शुगर कंपनीने कर बेकायदा असल्याची तक्रार केली. १९६४ च्या निवाड्यात न्यायालयाने एकाच तरतुदीचे दोन भाग केले : प्रस्ताव लोकांसमोर ठेवणे हे बंधनकारक, कारण त्यावाचून करदात्यास हरकत घेण्याची संधीच राहत नाही, परंतु ते कोणत्या रीतीने छापावेत याविषयीचा भाग केवळ मार्गदर्शक, आणि त्याचे पुरेसे पालन झाले असल्याने कर वैध. ‘शॅल’ने सांगितलेल्या कामातील प्राण कोणता आणि पोशाख कोणता, हे शोधण्याची ही दृष्टी प्रत्येक वाचकाने उचलण्यासारखी आहे.

दिवाणी दाव्यातील कैफियतीची मुदत हे तिसरे उदाहरण, आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने आपली लेखी कैफियत द्यावी आणि मुदत वाढवून दिली तरी ती ९० दिवसांच्या पलीकडे जाऊ नये, असे दिवाणी प्रक्रिया संहिता ‘शॅल’ वापरूनच सांगते. २००५ साली ‘कैलाश विरुद्ध नन्हकू’ या निवाड्यात न्यायालयाने ही मर्यादा मार्गदर्शक ठरविली. अपवादात्मक कारण असल्यास ९० दिवसांनंतरही कैफियत घेता येईल असे सांगितले, कारण मुदत टळल्याचा परिणाम संहितेत दिलेला नव्हता. पुढे व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरती ही तरतूद बदलली आणि १२० दिवस उलटल्यावर प्रतिवादीचा कैफियत देण्याचा हक्क संपुष्टात येईल, न्यायालय ती दफ्तरी दाखल करून घेणार नाही, असे स्पष्ट शब्द घातले. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही १२० दिवसांची हद्द अनुल्लंघनीय असल्याचा निर्णय दिला. दोन्हीकडे क्रियापद तेच आहे. फरक पडला तो परिणाम लिहून ठेवल्यामुळे. म्हणून कोणत्याही दस्तऐवजात ‘शॅल’ दिसताच वाचकाने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हे न केल्यास काय होईल असे पुढे कोठे लिहिले आहे काय? लिहिले असेल, तर ती मुदत अथवा ती अट दगडावरची रेघ समजावी.

‘मे’विषयीचा प्रश्न निराळा आहे. एखाद्याला काही करण्याचा अधिकार दिला, एवढ्याने तो वापरण्याचे बंधन त्याच्यावर येत नाही. परंतु तो अधिकार दुसऱ्या कोणाच्या हक्कासाठी दिलेला असेल, तर मुभेला कर्तव्याची जोड मिळते. ऑक्सफर्डच्या बिशपाविरुद्ध ज्यूलियस नावाच्या गृहस्थाने चालविलेल्या दाव्यात इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहाने १८८० साली हे तत्त्व मांडले. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की तत्त्व मांडूनही त्या विशिष्ट प्रकरणी बिशपाचा स्वेच्छाधिकार त्यांनी मान्यच केला. आपल्याकडे १९६३ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी उत्तर प्रदेशच्या एका सेवानियमाचा अर्थ लावताना याच मार्गाने जाऊन उलट निष्कर्ष काढला. राजपत्रित नोकराने स्वतः विनंती केल्यास त्याचे प्रकरण राज्यपालाने न्यायाधिकरणाकडे सोपवावे, या आशयाच्या नियमात क्रियापद ‘मे’ होते. पण कोणतेही प्रकरण सोपविण्याचा सर्वसाधारण स्वेच्छाधिकार आधीच्या पोटनियमाने राज्यपालास दिलेलाच होता. मग विनंतीचा हा वेगळा पोटनियमही ऐच्छिकच मानला, तर तो लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून तेथे ‘मे’चा अर्थ ‘शॅल’ घ्यावा लागला. हा युक्तिवाद मला फार सुंदर वाटतो, कारण त्यासाठी शब्दकोशाची गरज लागली नाही; शेजारचे वाक्य लक्षपूर्वक वाचणे पुरेसे झाले.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य दिली पाहिजे. ‘मे’ म्हणजे पुष्कळदा ‘शॅल’ असते, असे ऐकिवात आल्यामुळे काही वाचक प्रत्येक ‘मे’ आपल्या बाजूने वळवून घेतात. तसे करू नये. ‘मे’चा सामान्य अर्थ मुभा हाच आहे आणि ‘शॅल’चा सामान्य अर्थ बंधन हाच आहे, त्यापासून दूर जाण्यासाठी कलमाच्या रचनेत सबळ कारण दाखवावे लागते. शिवाय एकाच कलमात हे दोन्ही शब्द आले असतील, तर मसुदा लिहिणाऱ्याने ते जाणूनबुजून वेगळे योजले, असेच न्यायालय सहसा धरून चालते. संविधानाचा १४३ वा अनुच्छेद पाहा. राष्ट्रपतींनी सामान्य प्रश्नावर मत विचारले, तर पहिल्या खंडानुसार सर्वोच्च न्यायालयाने मत कळविण्याबाबत ‘मे’ आहे; संविधानपूर्व तह व करारांविषयीच्या वादासंबंधी विचारले, तर दुसऱ्या खंडात ‘शॅल’ आहे. अयोध्येच्या जागेसंबंधी १९९३ साली विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास न्यायालयाने १९९४ साली आदरपूर्वक नकार दिला, तो पहिल्या खंडातील त्या ‘मे’च्या आधारानेच शक्य झाला.

कागद हाती घेऊन हे वाचन कसे करावे, ते माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या साहाय्याने दाखवितो, कारण या कायद्याशी सामान्य नागरिकाचा थेट संबंध येतो. समजा, एखाद्या रहिवाशाने आपल्या गावच्या रस्त्याच्या कामाची देयके आणि मोजमापे यांच्या नकला मागण्यासाठी अर्ज केला. सातव्या कलमाप्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांच्या आत माहिती द्यावी किंवा कारणे देऊन नाकारावी, क्रियापद ‘शॅल’. तो गप्प राहिला, तर त्याने माहिती नाकारली असे मानण्यात येईल. येथे मघाचे ‘शॅल बी डीम्ड’ भेटते, आणि त्याचा उपयोग असा की अर्जदारास उत्तराची वाट पाहत बसावे न लागता अपिलाचा मार्ग मोकळा होतो. मुदत टळल्यावर माहिती दिली, तर ती विनामूल्य द्यावी लागेल. पुन्हा ‘शॅल’, आणि हा पहिल्या ‘शॅल’चा लिहून ठेवलेला परिणाम. विसाव्या कलमानुसार, वाजवी कारणावाचून विलंब झाला असे माहिती आयोगाचे मत झाल्यास दररोज २५० रुपये, एकूण २५,००० रुपयांच्या मर्यादेत, शास्ती लादण्यात येईल, येथेही ‘शॅल’. मात्र ती शास्ती लादण्यापूर्वी अधिकाऱ्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, हेही परंतुकात ‘शॅल’नेच सांगितले आहे, तेव्हा ती आपोआप लागू होते असा समज कोणी करून घेऊ नये.

आता एकोणिसावे कलम. पहिले अपील ३० दिवसांत करावयाचे. उशीर झाल्यास, पुरेसे कारण आहे अशी खात्री पटल्यावर अपिलीय प्राधिकारी ते दाखल करून घेऊ शकेल, क्रियापद ‘मे’. तेव्हा उशिरा आलेल्या अर्जदाराने तेथे हक्काची भाषा न बोलता कारणांची भाषा बोलावी, आजारपणाचा दाखला, टपालाची पोच, जे असेल ते जोडावे. अपिलाचा निकाल ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत लागला पाहिजे, असे त्याच कलमात ‘शॅल’ने सांगितले आहे, परंतु तो न लागल्यास प्रथम अपिलीय प्राधिकाऱ्यास विसाव्या कलमाची शास्ती नाही. हे ‘शॅल’ निष्परिणाम आहे. म्हणून त्याच्या भरवशावर महिनेन्‌महिने हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. निर्णय ज्या दिवशी व्हावयास हवा होता त्या दिवसापासून ९० दिवसांत दुसरे अपील करता येते, आणि तोच रस्ता धरावा. एका अधिनियमातील ‘शॅल’ची ही कमीअधिक वजने ज्याने ओळखली, त्याचा वेळ आणि श्रम दोन्ही वाचतात.

पोलीस ठाण्याच्या पायरीवर तर हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती लिहून घेतली पाहिजे, यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ व्या कलमात ‘शॅल’ होते, आणि ते बंधनकारकच आहे असा निर्णय ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये दिला. वैवाहिक तंटे, व्यापारी गुन्हे, वैद्यकीय हयगय अशा काही प्रकारांत तेवढी मर्यादित प्राथमिक चौकशी चालेल असे सांगितले. याच्या उलट, वॉरंटावाचून अटक करण्याचा अधिकार देणाऱ्या कलमात ‘मे’ होते. फिर्याद नोंदली म्हणजे अटक झालीच पाहिजे, ही जी समजूत फिर्यादी आणि आरोपी या दोघांच्याही मनात असते, ती या दोन क्रियापदांतील अंतर न कळल्यामुळे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात नोंदणीचे ‘शॅल’ कायम आहे; पण तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येईल, असे एक नवे ‘मे’ त्यात आले आहे. फिर्याद देण्यास जाणाऱ्याने आपला गुन्हा त्या मर्यादेत येतो की नाही, हे आधी पाहून जावे.

‘शॅल’ कोणत्या क्रियेला जोडले आहे, हे पाहण्याची सवयही लावून घ्यावी, आणि तिचे महत्त्व संविधानाच्या ७४ व्या अनुच्छेदाइतके दुसरे कोणतेही उदाहरण शिकवीत नाही. मूळ पाठात राष्ट्रपतीला साहाय्य व सल्ला देण्यासाठी एक मंत्रिपरिषद असेल, एवढेच म्हटले होते. तेथील ‘शॅल’ मंत्रिपरिषदेच्या अस्तित्वाला जोडलेले होते; सल्ला मानण्याला नव्हे. राष्ट्रपती सल्ल्याने बांधलेला आहे काय, हा प्रश्न डॉ. राजेंद्रप्रसादांनी १९६० साली जाहीरपणे अभ्यासकांपुढे ठेवला, त्याचे मूळ या रचनेत होते. शमशेर सिंग प्रकरणी १९७४ साली न्यायालयाने तो बांधलेला आहे असे सांगितले, आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपती त्या सल्ल्यानुसार वागेल असे दुसरे ‘शॅल’ त्याच वाक्यात घातले. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक परंतुक जोडले : सल्ल्याचा फेरविचार करण्यास राष्ट्रपती मंत्रिपरिषदेला सांगू शकेल, येथे ‘मे’; आणि फेरविचारानंतर दिलेल्या सल्ल्याप्रमाणे वागेल, येथे ‘शॅल’. देशाच्या सर्वोच्च पदाचा अधिकार किती, याचे माप या तीन क्रियापदांत सामावले आहे.

शिक्षणाच्या हक्काची कथा याच जातीची आहे. मूळ ४५ व्या अनुच्छेदात दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील, असे होते. ‘शॅल’ होते, पण ते प्रयत्नाला जोडलेले, आणि शिवाय निदेशक तत्त्वांच्या भागात, ज्यातील तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत असे ३७ वा अनुच्छेद सांगतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ‘२१ क’ हा अनुच्छेद मूलभूत हक्कांत आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण देणे यालाच ‘शॅल’ जोडले गेले. ते कोणत्या रीतीने द्यावे, एवढ्यापुरते ‘मे’ राज्याकडे राहिले. खाजगी करारांतही हेच पाहावे. ताबा अमुक तारखेस देईल आणि ताबा देण्याचा प्रयत्न करील, या दोन वाक्यांत घर घेणाऱ्याचे सारे संरक्षण अडकलेले असते.

नकाराविषयी दोनच शब्द. ‘शॅल नॉट’ने मनाई होते. ‘नो पर्सन मे’ अशी सुरुवात असली तरीही मनाईच होते, आणि मराठीत दोन्हींसाठी ‘कोणत्याही इसमास करता येणार नाही’ असे लिहिल्यास अर्थाची हानी होत नाही. नुसते ‘मे नॉट’ मात्र ‘करता येणार नाही’ आणि ‘कदाचित करणार नाही’ या दोन अर्थांत हेलकावे खाते. आपल्या मसुद्यात ते वापरू नये.

वाचनाइतकेच लेखनाचेही सांगावयास हवे, कारण गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस, विश्वस्त संस्थांचे कार्यवाह, लहान व्यावसायिक असे कितीतरी लोक आज इंग्रजी नमुन्यावरून मराठी नियम व करार तयार करीत असतात. मराठी अधिनियमांत ‘शॅल’साठी ‘करील’ आणि ‘मे’साठी ‘करता येईल’ किंवा ‘करू शकेल’ ही रूपे रूढ आहेत. विधिमंडळाच्या भाषेत ती शोभतात, कारण तेथे वाचणाऱ्याला संकेत ठाऊक असतो. परंतु ‘घरमालक अनामत रक्कम परत करील’ हे वाक्य सामान्य वाचकास आश्वासनासारखे वाटते, बंधनासारखे वाटत नाही. आणि ‘करू शकेल’ यातून अधिकार सांगितला की क्षमता, हे कळत नाही. तेव्हा खाजगी दस्तऐवजात स्पष्ट लिहावे. ‘जागेचा रिकामा ताबा मिळाल्याच्या दिवशीच मालकाने अनामत रक्कम परत केली पाहिजे, न केल्यास थकलेल्या रकमेवर ठरलेल्या दराने व्याज देणे त्याजवर बंधनकारक राहील.’ या वाक्यात कर्ता आहे, मुदत आहे आणि कसुरीचा परिणाम आहे. तसेच ‘मे’च्या जागी ‘मुदत वाढवून देण्याची मालकास मुभा राहील, त्याजवर तसे बंधन असणार नाही’ असे लिहिले, तर पुढे तक्रारीला जागा राहत नाही. इंग्रजीतच लिहावयाचे असेल, तर बंधनासाठी ‘मस्ट’ वापरण्यास मुळीच संकोच करू नये. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात ‘शॅल’ टाळून ‘मस्ट’ योजले आहे, अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांची भाषा २००७ साली सुधारली तेव्हा तेथूनही ‘शॅल’ काढून टाकण्यात आले, आणि ब्रिटिश संसदेचे मसुदाकारही आता त्यापासून दूर राहतात. आपल्याकडे २०२३ च्या नव्या फौजदारी संहितांतही ‘शॅल’ कायम असल्याने ते वाचता येणे आवश्यकच आहे. लिहिण्याची मात्र सक्ती कोणावर नाही.

वाचकांना माझी विनंती एवढीच, की यापुढे कोणताही इंग्रजी करार सहीसाठी पुढे आला, तर पेन्सिल घेऊन त्यातील प्रत्येक ‘शॅल’ आणि प्रत्येक ‘मे’ खाली रेघ ओढावी, आपल्या नावापुढे कोणते क्रियापद किती वेळा आले आहे आणि समोरच्या पक्षाच्या नावापुढे कोणते, हे पडताळून पाहावे. आणि सारी बंधने आपल्याकडे व साऱ्या मुभा तिकडे असे आढळल्यास सही करण्यापूर्वीच मसुद्यात बदल मागावा. तो मागण्याचा अधिकार सहीपर्यंतच असतो.